पलीकडच्या काठावरचा खंड्या

आईच्या कॅमेऱ्याचं काय करायचं, असं मुलीने फोनवर विचारलं. ही जाऊन सात महिने झाले होते. हिचे कपडे, चष्मे, शिलाईचं मशीन असं सगळं मुलीने येऊन मार्गी लावलं होतं. कॅमेरा तेवढा राहिला होता आणि मुलीच्या एका मैत्रिणीला तो हवा होता.

मी म्हणालो, "असू दे. मी वापरतो तो."

हे बोलायला मला दोन सेकंद लागले असतील. पुढचे तीन महिने मी ते निस्तरत होतो. त्या तीन महिन्यांत मी जे काही केलं ते आठवलं की अजूनही दाढी करताना आरशातून नजर काढून घ्यावी लागते. त्यापायी दोनदा कापलं आहे.

मी कॅमेरा वापरत नव्हतो. तो कपाटात वरच्या फळीवर होता आणि त्याची पिशवी उघडायची माझी हिंमत नव्हती. पण मुलगी दुसऱ्या शहरात राहते. बाप नुसता भिंतीकडे बघत बसतो की काय, अशी तिला काळजी वाटते, आणि बाप खरोखरच भिंतीकडे बघत बसत होता. तेव्हा बापाची अब्रू राखायला मी ते बोलून गेलो. कसले फोटो काढता, असं तिने विचारलं. पक्ष्यांचे, मी म्हणालो. तिला इतका आनंद झाला की मला माघार घेता येईना. तिने तो आनंद मावशीला, आत्याला आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या ओव्हरसियरना कळवला. ओव्हरसियरना एखादी गोष्ट कळली की ती सरकारी राजपत्रात छापून आल्यासारखी असते. नंतर बदलता येत नाही.

आता माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी वाद्यवृंदात झांजा वाजवतो. आमच्यात सत्तर माणसं आहेत. व्हायोलिनवाले पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत घासत असतात. मी मागच्या रांगेत, नगारेवाल्याच्या शेजारी बसलेला असतो. सध्या चाललेल्या मोठ्या रचनेत मला एकूण तीन ठोके आहेत. पहिल्या ठोक्याआधी एकशे बारा आवर्तनं गप्प बसायचं, ती मनात मोजायची, मग उठायचं, दोन्ही हात वर करायचे आणि एकदाच झांज मारायची. ठोका बरोबर पडला तर कुणाच्या लक्षात येत नाही. चुकला तर मात्र सभागृहातल्या शेवटच्या रांगेत पेंगणाऱ्या माणसालाही कळतो. ओव्हरसियर एकदा कार्यक्रमाला आले होते. बाहेर पडताना त्यांनी मला विचारलं की एवढ्यासाठी तुम्ही रोज तालमीला जाता का. मी त्यांच्याशी आठ दिवस बोललो नव्हतो. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

तालीम सकाळी दहा ते एक. दुपारी मी संगीत शाळेत ताल शिकवतो. संध्याकाळी बहुतेक कार्यक्रम असतो. पक्षी मात्र सकाळी सहा ते आठ या वेळात भेटतात. शहराबाहेरच्या तळ्यावर इतर लोकांना दहानंतर सोडतात, निसर्ग मंडळाच्या सदस्यांना साडेपाचपासून. म्हणजे मला सदस्य होणं भाग होतं.

मंडळाच्या चिटणीसबाई खिडकीत बसल्या होत्या. मी हिचं सदस्यपत्र पुढे केलं. ते त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, बराच वेळ बघितलं आणि हलक्या आवाजात सांगितलं की हे दुसऱ्याला चालत नाही. नवा अर्ज करावा लागेल. अर्जाबरोबर ओळखीचा पुरावा, राहण्याचा पुरावा आणि तळ्याच्या आवारात आपण सभ्यपणे वागू असं दोन सदस्यांनी लिहून दिलेलं पत्र. मी सभ्यपणे वागेन हे सांगायला मला तळ्यावरचं कुणी ओळखत नव्हतं. शेवटी त्यांनी स्वतःच एक पत्र दिलं आणि दुसरं मंडळाच्या माळ्याकडून घेतलं. माळ्याने मला आयुष्यात प्रथमच बघितलं होतं, पण त्याने माझ्या सभ्यपणाबद्दल तीन ओळी लिहिल्या. शिवाय एक अट होती. अर्ज दिल्यापासून तीस दिवसांच्या आत, आवारात स्वतः काढलेल्या एका पक्ष्याचा फोटो तीन प्रतींत द्यायचा. मंडळात नुसते फिरायला येणारे लोक घुसू नयेत म्हणून ही अट होती. तोपर्यंत तात्पुरता प्रवेश.

तीस दिवस आणि एक पक्षी. मला ते फारच सोपं वाटलं. तळ्यावर हजारभर पक्षी होते.

ओव्हरसियरनी आयुष्यभर रस्ते आणि मोऱ्या बांधल्या. त्यामुळे कुठल्याही विषयावर बोलायचा अधिकार त्यांच्याकडे आपोआप आला आहे. त्यांनी सांगितलं की पक्ष्यांना साबणाचा वास लांबून येतो, तेव्हा साबण बंद. मी बंद केला. पाचव्या दिवशी नगारेवाल्याने आपला नगारा एक हात पलीकडे सरकवला. अंगावर पानांच्या रंगाचं काहीतरी हवं, असंही ओव्हरसियर म्हणाले. माझ्याकडे काळे कपडेच होते, आमचा गणवेशच काळा. म्हणून त्यांनी त्यांच्या बायकोच्या नकळत एक जुना पडदा आणून दिला. पडद्यावर हिरवी पानं होती, हे खरं. पण पानांमध्ये पेल्याएवढी पिवळी लिंबंही होती. तो खांद्यावरून घेऊन मी सकाळी सहाच्या बसमध्ये चढलो. बसमधल्या एका आजींनी मला बसायला जागा दिली आणि घरी कुणी आहे का तुमच्या, असं विचारलं.

तळ्याच्या फाटकावर एक म्हातारे पहारेकरी असतात. कुणी पाण्याजवळ फार गेलं की ते शिट्टी फुंकतात, म्हणून त्यांना सगळे शिट्टीमामा म्हणतात. त्यांनी आधी पडद्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघितलं आणि ते खुर्चीतून उठून उभे राहिले. पिशवी ओळखीची आहे, एवढंच म्हणाले. मी कोण ते त्यांना कळलं. त्यांनी काही विचारलं नाही. अलीकडच्या काठावर एक बाक होता तिथपर्यंत ते मला घेऊन गेले आणि समोरच्या पाण्यातली एक वाळकी काठी दाखवली. खंड्या तिथे येऊन बसतो, म्हणाले. निळा असतो, चोच मोठी. धीर धरा.

धीर धरण्यात माझा हात कोण धरणार? मी अठरा वर्षं धीर धरण्याचंच काम करतो आहे. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि मनात मोजायला लागलो.

सहाव्या दिवशी खंड्या आला. काठी रिकामी होती, आणि पुढच्या क्षणी तिच्यावर तो होता. इतका निळा की काही सुचेना. माझं त्या वेळी दोनशे सहावं आवर्तन चालू होतं. इतका वेळ गप्प बसून एकदाची वेळ आली की माझ्या अंगात अठरा वर्षांत एकच गोष्ट मुरलेली आहे. मी उठलो, दोन्ही हात वर नेले आणि जोरात एकमेकांवर आपटले. उजव्या हातात कॅमेरा होता आणि डाव्यात त्याचं झाकण. आवाज फार झाला नाही, पण पडद्यासकट उभ्या राहिलेल्या मला बघूनच अर्ध्या तळ्यातले पक्षी उडाले. पलीकडच्या काठावर दुर्बिणी लावून बसलेले चार सदस्य माझ्याकडे वळले. शिट्टीमामांनी शिट्टी तोंडात धरली होती, पण फुंकली नाही. हा गुन्हा कशात बसतो ते त्यांना ठरवता आलं नसावं.

हे असं आणखी दोनदा झालं.

तिकडे तालमीत उलटा प्रकार. पाचला उठणारा माणूस साडेदहाला गप्प बसून मोजायला लागला की काय होणार? त्या आठवड्यात एका संथ भागाची तालीम होती. बासरीवाली बाई एकटीच वाजवत होती, बाकी सगळे श्वास रोखून. मी एकोणऐंशीपर्यंत मोजलेलं आठवतं. मग मी तळ्यावर होतो. समोर वाळकी काठी होती. काठीवर खंड्या येऊन बसला. मी उठलो आणि या वेळी झांज मारली, ती पूर्ण ताकदीने.

बासरीवालीला पाणी द्यावं लागलं. संचालकांनी हातातली छडी खाली ठेवली, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं की मला सगळ्यांसमोर काही सांगायचं आहे का. मी नाही म्हणालो. नगारेवाला माझा मित्र आहे, तो मध्येच बोलला की ठोका तालात पडला होता. त्याने काही मदत झाली नाही. माझं दुःख सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. हिच्या नावावर मला माफी मिळत होती आणि मी ती खिशात घालत होतो. आता वाटतं, पुढच्या सगळ्याची सवय मला तिथेच लागली.

एकोणतिसाव्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे दोनशे चौदा फोटो होते. ओव्हरसियरांच्या घरी संगणक आहे, तिथे बसून आम्ही ते बघितले. एकशे नव्वद फोटोंत रिकामी काठी होती. ओव्हरसियर म्हणाले, काठी मात्र चांगली आली आहे. अकरा फोटोंत माझा अंगठा होता. सातांत आकाश. एकात शेपूट होती, पण ती मांजराची निघाली. राहिलेल्यांत काय आहे ते आम्हा दोघांनाही सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी शेवटची मुदत होती, आणि तालीम नऊलाच ठेवलेली होती.

ओव्हरसियर बोटाने पुढे पुढे ढकलत राहिले. माझे फोटो संपले आणि हिचे सुरू झाले. मला ते थांबवायचं होतं. मी तोंड उघडण्याच्या आत संगणकाच्या पडद्यावर खंड्या आला. पाण्यातून नुकताच वर आलेला, चोचीत आडवा मासा, पंख पूर्ण उघडलेले आणि भोवती पाण्याचे थेंब हवेत तसेच थांबलेले. तो फोटो नीट असा मी पहिल्यांदाच बघत होतो.

ओव्हरसियर खुर्चीत मागे टेकले. "अहो, हा काय आहे मग? हा कधी काढलात?"

मी म्हणालो, "मागे."

एवढाच शब्द. खोटं बोललो असं कुणाला म्हणता येणार नाही, असं मी जिना उतरताना स्वतःला सांगितलं. फोटो मागेच काढलेला होता. कॅमेरा घरचा, माणूस घरचं. फक्त सदस्यत्वापुरतं तर आहे, फायलीत जाईल आणि धूळ खाईल. दुसऱ्या दिवशी तालमीच्या वाटेवर मी तीन प्रती काढल्या. अर्जावर लिहिलं होतं, 'सोबतचे छायाचित्र मी स्वतः काढले आहे.' त्याखाली मी सही केली. दिनांक विचारला होता तिथे गेला मंगळवार लिहिला, कारण त्या दिवशी तालीम नव्हती. खोटं बोलतानाही मी वेळापत्रक सांभाळलं.

दोन दिवसांनी चिटणीसबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज कापत होता. असा फोटो मंडळाकडे दहा वर्षांत आला नव्हता, असं त्या म्हणाल्या. वार्षिक प्रदर्शन पुढच्या आठवड्यात होतं. समितीने एकमताने हा फोटो दाराच्या समोर, मधोमध, मोठा करून लावायचं ठरवलं होतं. मी म्हणालो, नको. त्यांना तो विनय वाटला. मी पुन्हा म्हणालो, खरंच नको. त्यांना तो फार मोठा विनय वाटला.

प्रदर्शन फाटकाजवळच्या दालनात होतं. दारातून आत शिरलं की समोर तोच. जेवणाच्या टेबलाएवढा. खाली पट्टीवर माझं नाव. ओव्हरसियर सहकुटुंब आले आणि साबणाचा सल्ला आपला होता हे त्यांनी भेटेल त्याला सांगितलं. नगारेवाल्याने निम्मा वाद्यवृंद आणला. संचालकही आले. फोटोसमोर ते बराच वेळ उभे राहिले आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की तालमीत तुमच्याकडे बघून असं कधी वाटलं नव्हतं. अठरा वर्षांत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला नव्हता. मुलीने फोनवर रडून घेतलं. म्हणाली, आई असती तर तिला किती बरं वाटलं असतं. मी हो म्हणालो. 

खरी गंमत चौथ्या दिवशी सुरू झाली. चिटणीसबाई रोज त्या फोटोसमोरून जायच्या. त्या दिवशी त्यांना खंड्याच्या मागे, कडेला, पाण्यातला एक खांब दिसला. खांबाला लोखंडी कडी होती. ती कडी तळ्यावर एकाच जागेवरून दिसते. पलीकडच्या काठावर पक्षी बघायला बांधलेलं एक लाकडी खोपटं आहे, तिथून. आणि खोपट्याची जमीन खचल्यामुळे गेल्या वर्षीपासून त्याला कुलूप आहे.

आता तुम्हाला वाटेल की मी पकडलो गेलो. मलाही तसंच वाटलं, आणि खरं सांगतो, क्षणभर बरं वाटलं. पण समितीच्या कुणाच्या मनातही आलं नाही की गेल्या महिन्यात अर्ज केलेल्या, सभ्यपणाची दोन पत्रं असलेल्या माणसाने फोटो दुसऱ्याचा दिला असेल. मला पत्र आलं. विषय: प्रतिबंधित खोपट्यात विनापरवानगी प्रवेश केल्याबाबत. सात दिवसांत लेखी खुलासा.

ओव्हरसियर ते पत्र वाचून खूश झाले. सरकारी भाषा त्यांना फार दिवसांनी वाचायला मिळाली होती. कबूल करून टाका, म्हणाले, फार तर समज देतील. त्यांनीच मसुदा सांगितला, 'पक्षीप्रेमाच्या भरात माझ्याकडून प्रवेश झाला.' 'भरात' हा शब्द सोडू नका, भरात केलेल्याला शिक्षा कमी असते. मी लिहिलं, सही केली आणि मला लेखी समज मिळाली. म्हणजे मी न केलेल्या गुन्ह्याची कबुली दिली, का, तर केलेल्या गुन्ह्याची द्यावी लागू नये म्हणून. आणि लाज वाटायची गोष्ट ही की दोन दिवस मला ते आवडलं. झांजवाला म्हणे जीव धोक्यात घालून खचलेल्या खोपट्यात शिरला! बासरीवाली बाई, जिला माझ्यामुळे पाणी प्यावं लागलं होतं, तिने मला विचारलं की भीती नाही वाटली का. मी म्हणालो, वाटते हो, पण काय करणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर गेलो. शिट्टीमामा फाटकात खुर्चीवर बसले होते, पण शिट्टी गळ्यात नव्हती. मी नमस्कार केला. त्यांनी मला बसायला सांगितलं. मग जमिनीकडे बघत बोलायला लागले.

खोपट्याचं कुलूप फुटलेलं नव्हतं. किल्ली एकच, ती त्यांच्याकडे. म्हणजे मला आत त्यांनीच सोडलं, असा समितीने अर्थ काढला होता. रविवारी अकराला बैठक होती. काम जाणार हे जवळजवळ ठरलं होतं.

मला वाटलं आता ते माझी गचांडी धरतील. धरायला हवी होती.

"साहेब," ते म्हणाले, "तुम्हाला कुलूप उघडून दिल्याचं मला काही केल्या आठवत नाही. रात्रभर आठवत होतो. पण वय झालंय. तुम्ही लिहून दिलंय म्हणजे उघडलं असेल मी."

  ते पुढे म्हणाले की बाईंच्या घरचा माणूस, म्हणून उघडलं असेल. त्यात मला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. बावीस वर्षं पुष्कळ झाली. फक्त आजकाल असं विसरायला व्हायला लागलंय, हे घरी सांगायचं कसं, तेवढं कळत नाही.

मी बसने परत आलो. त्या दिवशी मला कितवा थांबा आपला ते मोजता आलं नाही आणि मी दोन थांबे पुढे गेलो.

रविवारी अकराला आमची शेवटची तालीम होती, संध्याकाळी मोठा कार्यक्रम. अठरा वर्षांत मी एकही तालीम चुकवली नव्हती. ताप असताना गेलो, मुलीच्या परीक्षेच्या निकालादिवशी गेलो. मी संचालकांकडे जाऊन रजा मागितली. त्यांनी विचारलं, ठोके किती आहेत तुमचे. तीन, मी म्हणालो. नगारेवाला शेजारूनच म्हणाला, मी वाजवतो की. एवढ्यावर ते मिटलं.

हिने मला किती वेळा विचारलं असेल, एक दिवस चला ना माझ्याबरोबर तळ्यावर, एक तालीम बुडवा. मी दर वेळी एकच उत्तर द्यायचो: माझ्या जागी कोण वाजवणार? पुढे पुढे तिने विचारणं सोडून दिलं. त्या रविवारी नगारेवाल्याने माझे तिन्ही ठोके नगारा वाजवता वाजवता मारले. संचालकांनी मान वर करूनही बघितलं नाही, असं त्याने मला नंतर मोठ्या कौतुकाने सांगितलं.

समितीत पाच जण होते. माझा विषय चौथा होता. आधी बाकांना कुठला रंग द्यायचा यावर पाऊण तास गेला. मग बदकांना लोकांनी काही खायला घालू नये अशी पाटी लावायची का, आणि ती बदकांच्या बाजूला की लोकांच्या. मी भिंतीकडच्या खुर्चीत बसून होतो. शिट्टीमामा दाराबाहेर, स्टुलावर. त्यांनी धुतलेला शर्ट घातला होता.

माझा नंबर आल्यावर मी उभा राहिलो. रात्री एक छोटं भाषण तयार केलं होतं, त्यात 'भरात' हा शब्द दोनदा होता. ते मी म्हटलं नाही.

"तो फोटो मी काढलेला नाही," मी म्हणालो. "माझ्या बायकोने काढलाय. मी कधीच त्या खोपट्यात गेलो नाही. शिट्टीमामांनी कुलूप उघडलंच नाही, त्यामुळे त्यांना आठवणार कुठून?"

 मग एका सदस्याने विचारलं की म्हणजे दोन्ही लेखी निवेदनं खोटी का. मी हो म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतलं. दुसऱ्याने शंका काढली की न केलेल्या प्रवेशाबद्दल दिलेली समज आता मागे घ्यावी लागेल, त्यासाठी वेगळा ठराव हवा का. चिटणीसबाई यातलं काही ऐकत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"मला आधी सांगितलं असतंत ना," त्या म्हणाल्या, "तर मी त्यांच्याच नावाने लावला असता. आणि आनंदाने लावला असता. तीन वर्षं आम्ही दोघी त्या खोपट्यात शेजारी बसायचो हो."

 रागावल्या असत्या तर मला काहीतरी उत्तर सुचलं असतं.

माझं सदस्यत्व रद्द झालं. शिट्टीमामांवरचा ठपका काढला. त्यांना आत बोलावून चिटणीसबाईंनी स्वतः सांगितलं की तुम्ही काही विसरला नव्हता. मामा दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. काम टिकलं हे त्यांना कळायला वेळ लागला. आधी ते दोनदा एवढंच म्हणाले, म्हणजे मी उघडलं नव्हतं. नव्हतंच उघडलं मी.

मग सगळे दालनात गेले. चिटणीसबाईंनी फोटोखालची पट्टी काढली, कोरी पट्टी घेतली आणि हिचं पूर्ण नाव मला विचारून लिहिलं. त्यांना ते माहीत होतं, तरी विचारलं. मग त्यांनी दिनांक विचारला. मला माहीत नव्हता. वेळ? तीही नाही. पेन हातात धरून त्या थांबून राहिल्या. माझ्या घरात काढलेल्या फोटोबद्दल, म्हणजे माझ्या घरातल्या माणसाने काढलेल्या फोटोबद्दल, मला एकही गोष्ट सांगता येत नव्हती.

मामांनी सांगितली. दोन वर्षांपूर्वीची, थंडी संपता संपताची सकाळ. आठ वाजले होते. बाई खोपट्यातून जवळजवळ पळतच आल्या. फाटकावर त्यांनी कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला तो फोटो दाखवला. चहा घ्या म्हटलं तर थांबल्या नाहीत. म्हणाल्या, हे तालमीला निघायच्या आत घरी पोचायचंय, आधी यांना दाखवते.

समितीचे लोक हळूहळू निघून गेले. मी आणि मामाच उरलो. दालन दुपारच्या सुट्टीसाठी बंद करायची वेळ होत आली होती आणि किल्ल्या त्यांच्या हातात होत्या.

"दाखवला ना त्यांनी?" मामांनी विचारलं.

"दाखवला."

"काय म्हणालात मग?"

"छान आहे, म्हणालो."

मामांचा चेहरा खुलला. बाईंना तेवढंच हवं होतं, असं ते म्हणाले. गोष्ट तिथे संपवता आली असती. त्यांनी पुढे काही विचारलं नव्हतं, आणि आता लेखी निवेदन मागणारं कुणी नव्हतं.

"न बघता म्हणालो, मामा," मी म्हणालो. "बुटाची नाडी बांधत होतो. तिने कॅमेरा माझ्यासमोर धरला होता. मी मान वर केली नाही."

 मामांनी भिंतीकडची एक खुर्ची उचलली, फोटोसमोर आणून ठेवली आणि हाताने पुसली.

"मग आता बघा," ते म्हणाले. "मी फाटकाकडचं बघून येतो. दहा मिनिटं आहेत अजून."

मी बसलो. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. जेवणाची वेळ टळून गेली. त्यांनी हाक मारली नाही.